एका आल्बमचे दोन निकाल

'इंडी रॉक' हे दोन शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडीं हल्लीं वारंवार ऐकूं येतात, आणि ते ऐकून पुष्कळ पालकांच्या कपाळास आंठी पडते. हें संगीत म्हणजे केवळ कर्कश गोंगाट, असा कित्येकांचा समज आहे. मुलांस तें आवडतें खरें. पण तें कोठून आलें व त्यांत विशेष काय आहे, असें विचारल्यास त्यांसही नीटसें सांगतां येत नाहीं. म्हणून या संगीतांतील एकच कृति घेऊन तिची हकीकत येथें सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती कृति म्हणजे अमेरिकेंतील 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या बँडचा दुसरा आल्बम, 'इन दि एअरोप्लेन ओव्हर दि सी', म्हणजे 'समुद्रावरील विमानांत'. तो १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध झाला. हाच आल्बम निवडण्याचें कारण असें कीं, जगानें त्याची परीक्षा एकदां नव्हे तर दोनदां घेतली, आणि दोन्ही वेळचे निकाल एकमेकांशीं जुळले नाहींत. ज्यांस दरवर्षीं परीक्षेस बसावें लागतें व ज्यांस निकालपत्रावर सही करावी लागते, त्या उभयतांसही ही हकीकत विचार करण्याजोगी वाटेल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करूं. आल्बम म्हणजे अनेक गाणीं विशिष्ट क्रमानें मांडून एकच कृति म्हणून मुद्रित केलेला संच. कवितासंग्रहाचें कवीशीं जें नातें, तेंच आल्बमचें बँडशीं. 'इंडी' हें 'इंडिपेन्डंट', म्हणजे 'स्वतंत्र', या इंग्रजी शब्दाचें लघुरूप होय. इंग्लंड-अमेरिकेंत ध्वनिमुद्रणाचा बहुतेक व्यापार थोड्याशा बड्या कंपन्यांच्या हातीं होता. ज्यांचीं गाणीं बाजारांत खपण्याजोगीं नाहींत असें त्या कंपन्यांस वाटे, अशा तरुणांनीं आपल्याच लहान लहान कंपन्या काढिल्या. त्यांतून जें रॉक संगीत बाहेर पडलें, त्यास पुढें इंडी रॉक असें नांव पडलें. आमच्या या आल्बमची प्रकाशक 'मर्ज रेकॉर्ड्स' ही कंपनी याच प्रकारची. उत्तर कॅरोलिना संस्थानांत १९८९ सालीं मॅक मॅकॉहन व लॉरा बॅलन्स यांनीं ती स्थापिली. तीं दोघेंही स्वतः 'सुपरचंक' नामक बँडमध्यें वाजवीत असत. अशा कंपनीच्या पदरीं पैसा थोडा, म्हणून जाहिरातही थोडी. परंतु गाणें कसें असावें याविषयीं वरून कोणाचा हुकूम नाहीं. या व्यवस्थेचा तोटा तो हाच, आणि लाभही हाच.

आतां मूळ कथेकडे वळूं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत लुइझियाना संस्थानांत रस्टन नांवाचें एक लहानसें गांव आहे. जेफ मँगम, रॉबर्ट श्नायडर, विल कलन हार्ट व बिल डॉस हे चौघे तेथील शाळकरी वयापासूनचे मित्र. आपल्या आवडीचें संगीत गांवांत मिळत नाहीं, तर तें आपणच करावें, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. साध्या घरगुती कॅसेट-यंत्रावर गाणीं मुद्रित करावीं, त्या कॅसेटी एकमेकांस ऐकवाव्या, आणि दुसऱ्यानें कांहीं नवें केलें कीं आपणही त्याहून नवें कांहीं करावें, असा त्यांचा क्रम असे. पुढें हे मित्र निरनिराळ्या गांवीं पांगले, तरी ही देवघेव सुटली नाहीं. या मित्रमंडळास त्यांनीं 'एलिफंट सिक्स' हें नांव दिलें, आणि त्यांतून अनेक बँड उदयास आले. जेफ मँगमच्या बँडचें नांव 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'. त्याचा पहिला आल्बम 'ऑन एव्हरी आयलंड' हा १९९६ सालीं निघाला. त्यांतील बहुतेक वाद्यें मँगमनें एकट्यानें वाजविलीं होतीं, आणि मुद्रणाचें काम मित्र श्नायडर यानें केलें होतें.

या पहिल्या आल्बमनंतर मँगमच्या आयुष्यांत एक लहानशी गोष्ट घडली. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांतून त्यानें ॲन फ्रँक या मुलीची रोजनिशी विकत घेतली. दोन दिवसांत त्यानें ती वाचून संपविली, आणि त्यानंतर कित्येक दिवस आपणांस रडें आवरेना, असें त्यानें पुढें एका मुलाखतींत सांगितलें आहे. आपण काळांत मागें जाऊं शकलों असतों तर या मुलीस वांचविलें असतें, असा विचार त्याच्या मनांत घोळूं लागला. दुसऱ्या आल्बममधील कित्येक गीतांचा उगम या शोकांत आहे.

ॲन फ्रँक कोण, हें आमच्या लहान वाचकांकरितां थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तिचा जन्म जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं १२ जून १९२९ रोजीं एका यहुदी कुटुंबांत झाला. हिटलरच्या राज्यांत यहुद्यांचा छळ सुरू झाल्यामुळें तें कुटुंब हॉलंडांत ॲमस्टरडॅम येथें येऊन राहिलें. परंतु १९४० सालीं जर्मन सैन्यानें तो देशही व्यापिला. १९४२ च्या जून महिन्यांत तेराव्या वाढदिवशीं तिला एक कोरी वही मिळाली. पुढच्याच महिन्यांत तें कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागील बाजूस असलेल्या खोल्यांत लपून राहूं लागलें. त्या जागेंत आठ माणसें दोन वर्षांहून अधिक काळ दडून होतीं, आणि ॲन त्या सर्व काळांत लिहीत होती. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं तीं सर्व पकडलीं गेलीं. १९४५ च्या आरंभीं बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत ॲन व तिची वडील बहीण मार्गो या दोघीही मरण पावल्या. आठांपैकीं जिवंत परतले ते एकटे वडील, ओटो फ्रँक. त्यांच्या हातीं मुलीची वही आली, तेव्हां तीही कित्येक प्रकाशकांनीं नाकारली. शेवटीं यान रोमेन नामक इतिहासकारानें १९४६ च्या एप्रिलमध्यें एका वर्तमानपत्रांत तिजविषयीं लेख लिहिला. त्या लेखास त्यानें 'मुलाचा आवाज' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. त्यानंतर प्रकाशक मिळाला, आणि २५ जून १९४७ रोजीं पुस्तक निघालें. पहिल्या आवृत्तीच्या प्रती सुमारें तीन हजार होत्या. आज तेंच पुस्तक जगांतील बहुतेक सर्व प्रमुख भाषांत, आणि आपल्या मराठींतही, वाचावयास मिळतें. हा तीन हजारांचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

आल्बमचें मुद्रण १९९७ च्या उन्हाळ्यांत कोलोराडो संस्थानांतील डेन्व्हर शहरीं झालें. 'पेट साउंड्स' नांवाचा तो स्टुडिओ एका राहत्या घरांत थाटलेला होता, आणि मुद्रणाचा सूत्रधार याही वेळीं श्नायडरच होता. या वेळीं मात्र मँगमसोबत पुरा बँड होता: ढोल वाजविणारा जेरेमी बार्न्स, पितळी वाद्यें फुंकणारा स्कॉट स्पिलेन, आणि अनेक वाद्यांत गति असलेला ज्युलियन कॉस्टर. त्यांच्या वाद्यांची यादी वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. गिटार व ढोल तर आहेतच. शिवाय ट्रंपेट, ट्रॉम्बोन, अकॉर्डियन, बँजो, आणि सुताराची वाटावी अशी एक करवत! ही करवत वाजविण्याची रीत अशी: मूठ मांड्यांत धरून पातें हातानें वांकवितात, आणि ज्या कडेस दांते नाहींत त्या कडेवर सारंगीच्या गजासारखा गज फिरवितात. पात्याचा वांक कमी-अधिक केला म्हणजे स्वर चढतो व उतरतो. तो स्वर दूर कोणी बाई एकटीच गुणगुणत असावी तसा कंपित व करुण असतो.

श्नायडरनें आणखी एक युक्ति केली. साध्या लांकडी गिटारीचा आवाज त्यानें यंत्राच्या सोसण्यापलीकडे वाढवून मुद्रित केला. असें केलें म्हणजे ध्वनिलहरींचीं शिखरें छाटलीं जातात व आवाज फुटतो. एरवीं हा मुद्रणाचा दोष समजतात. येथें तो हेतुपुरस्सर केलेला आहे, आणि त्यामुळें एकट्या गिटारीस एखाद्या पुराच्या लोंढ्याचें बळ येतें. (हाच श्नायडर पुढें गणिताकडे वळला व २०१८ सालीं एमरी विद्यापीठाचा डॉक्टर झाला. संख्यांच्या विभाजनाचा जो विषय आपल्या श्रीनिवास रामानुजनांनीं समृद्ध केला, त्यांतच याचें संशोधन आहे. संगीताचा नाद लागलेल्या मुलाचें गणित कच्चें राहतें असें समजणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी.)

आल्बममध्यें अकरा तुकडे असून सर्व मिळून सुमारें चाळीस मिनिटें लागतात. गाणीं एकमेकांत मिसळत जातात. एक संपलें केव्हां व दुसरें लागलें केव्हां, हें पुष्कळदां कळत नाहीं. 'दि फूल' या तुकड्यांत गायन मुळींच नाहीं. तो स्पिलेनचा असून पितळी वाद्यांची ती एक संथ व शोकाकुल अशी चाल आहे. आपणांकडे वरातींत वाजणारा बँड ज्यानें ऐकला आहे, त्यास या वाद्यांचा आवाज परका वाटणार नाहीं. फक्त येथें वरात कोणाची आणि अंत्ययात्रा कोणाची, हें निश्चित सांगतां येत नाहीं. 'हॉलंड, १९४५' हें गीत आल्बममधील सर्वांत जलद व दणदणीत. ज्यांतला विषय सर्वांत दुःखद, त्यासच त्यांनीं सर्वांत धांवती चाल लाविली आहे. 'ओ कम्ली' हें गीत आठ मिनिटांहून अधिक चालतें. त्याच्या मुद्रणाची हकीकत अशी सांगतात कीं, ध्वनिग्राहक नीट लागला आहे किंवा नाहीं हें पाहण्यापुरतें मँगम गाऊं लागला, तो थांबलाच नाहीं. सबंध गीत त्यानें एका दमांत गाऊन टाकिलें, आणि तेंच कायम ठेविलें. शेवटीं दुसऱ्या खोलींतून एका सोबत्यानें काढिलेला विस्मयाचा उद्गार आजही त्या मुद्रणांत ऐकूं येतो.

मँगमच्या गळ्याविषयीं खरें तें सांगितलें पाहिजे. तो आवाज मोठा, नाकांतला व ताणलेला आहे. शास्त्रीय कसोटीस तो क्वचितच उतरेल. गीतांतील शब्द स्वप्नांतल्यासारखे एकांतून दुसऱ्यांत जाणारे आहेत. भुतें, भावंडें, जन्म, मरण, शरीर यांचीं चित्रें त्यांत एकत्र गुंफिलेलीं आहेत, आणि कांहीं चित्रें अशीं आहेत कीं तीं प्रौढांसच समजावीं. म्हणून हा आल्बम लहान मुलांनीं वडील माणसांजवळ बसून ऐकावा हें बरें. एका गीतांत मँगम येशू ख्रिस्तावरील आपलें प्रेम उच्च स्वरानें व उघडपणें गातो. हें ऐकून पुष्कळ श्रोते गोंधळले. कित्येकांस ती थट्टा वाटली. त्यावर मँगमनें आल्बमसोबतच्या पत्रकांत लिहिलें कीं, आपण जें गातों तें मनापासूनच गातों. मात्र आल्बमचा आशय कोणत्याही एका धर्मावर आधारलेला नसून सर्व वस्तूंच्या ठायीं एक शाश्वत प्रकाश आहे या श्रद्धेंतून तो आला आहे. या मताशीं आमचे सर्व वाचक सहमत होतील असें नाहीं. तथापि ज्या संगीतप्रकारांत श्रद्धेची चेष्टा करणें हेंच शहाणपण समजलें जाई, त्यांत एका तरुणानें न लाजतां असें गावें, यास धैर्य लागतें, हें कोणीही कबूल करील.

आतां पहिला निकाल. मर्ज कंपनीनें पहिल्या आल्बमचा खप पाहून या दुसऱ्याच्या सुमारें सात हजारच प्रती काढविल्या. रॉबर्ट श्नायडरच्या या सर्व खटपटीचें, मँगमच्या त्या शोकाचें व कॉस्टरच्या करवतीचें बाजारानें केलेलें मोल एवढेंच होतें. समीक्षकांचीं मतें वाईट नव्हतीं, पण थोर कांहीं घडलें आहे असेंही फार थोड्यांस वाटलें. 'रोलिंग स्टोन' या प्रसिद्ध मासिकानें पांचांपैकीं तीन तारे दिले. 'पिचफोर्क' हें त्या वेळीं अगदीं नवें समीक्षापत्र. त्यानें दहांपैकीं ८.७ गुण दिले. आवाज सोसवत नाहीं, शब्द कळत नाहींत, ही तक्रार सामान्य होती. बँडनें १९९८ सालीं गांवोगांव फिरून कार्यक्रम केले, श्रोत्यांची गर्दी हळूहळू वाढूं लागली, आणि वाढूं लागली त्याच सुमारास मँगम थांबला. कोणाशीं भांडण नाहीं, जाहीर निरोप नाहीं. नवीं गाणीं आलीं नाहींत, कार्यक्रम झाले नाहींत, आणि बँड आपोआप विसर्जित झाल्यासारखा झाला.

येथें कथा संपावयास हवी होती. दरवर्षीं हजारों आल्बम निघतात व विसरले जातात; त्यांत आणखी एकाची भर. परंतु झालें तें उलट. ज्या थोड्या लोकांजवळ तो आल्बम होता, त्यांनीं तो मित्रांस ऐकविला. मित्रांनीं आपल्या मित्रांस दिला. महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून तो एका खोलींतून दुसऱ्या खोलींत गेला, आणि पुढें इंटरनेटमुळें एका देशांतून दुसऱ्या देशांत. वडील भावानें धाकट्यास द्यावा तसा तो एका पिढीनें दुसरीस दिला. २००३ सालीं 'मॅग्नेट' मासिकानें मागील दहा वर्षांतील सर्वोत्कृष्ट आल्बम म्हणून याचीच निवड केली. २००५ सालीं इंग्लंडांतील 'डॉमिनो' कंपनीनें तो पुन्हां काढिला, तेव्हां पिचफोर्कनें त्याचें नव्यानें परीक्षण केलें, आणि ज्यास पूर्वीं ८.७ दिले होते त्यासच आतां पुरे दहा दिले. त्याच वर्षीं किम कूपर या लेखिकेनें या एकाच आल्बमवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. माँट्रिअलच्या 'आर्केड फायर' या पुढें अत्यंत गाजलेल्या बँडनें मर्ज कंपनीकडे जाण्याचें एक कारण म्हणून याच बँडचें नांव सांगितलें. २००८ सालीं तर एक मौज झाली. जुन्या पद्धतीच्या तबकड्यांची हौस अमेरिकेंत पुन्हां वाढूं लागली होती. त्या वर्षीं तेथें अधिकांत अधिक खपलेल्या तबकड्यांत या दहा वर्षांच्या जुन्या आल्बमचा क्रमांक सहावा आला, आणि नुसत्या तबकड्याच दहा हजारांहून अधिक विकल्या गेल्या. म्हणजे १९९८ सालीं कंपनीनें सर्व प्रकारच्या मिळून जेवढ्या प्रती काढण्याचें धाडस केलें, त्याहून अधिक तबकड्या दहाव्या वर्षीं एका वर्षांत संपल्या.

निकाल कां बदलला? आल्बममध्यें एक स्वरही बदलला नव्हता. बदलले ते ऐकणारे. आमच्या मतें याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, ज्या गोष्टीसारखें पूर्वीं कांहीं ऐकलेलें नसतें, तिचें माप घेण्यास हातीं गज नसतो. करवत, पितळी बँड, फुटलेली गिटार आणि एका मृत मुलीसाठीं केलेला विलाप यांचा मेळ प्रथम ऐकणारास विक्षिप्त वाटला, तर त्यांत नवल नाहीं. दहांदां ऐकल्यावर तो मेळ कानास ओळखीचा होतो, आणि मग त्यांतील अर्थ दिसूं लागतो. दुसरें कारण असें कीं, समीक्षकास एका आठवड्यांत अनेक आल्बम ऐकून मत द्यावें लागतें. पण सामान्य श्रोता एकच आल्बम वर्षभर ऐकतो, कधीं दुःखांत, कधीं आजारांत, कधीं रात्रीं एकटा असतांना. पहिला निकाल घाईंत दिलेला असतो. दुसरा सहवासानें दिलेला असतो. तथापि पहिल्या परीक्षकांस आम्ही दोष देत नाहीं. ८.७ हे कांहीं थोडे गुण नव्हेत. आणि आपलाच जुना निकाल चारचौघांत बदलण्याची ज्याची तयारी आहे, तो परीक्षक प्रामाणिकच म्हटला पाहिजे. आजही हा आवाज सोसवत नाहीं असें म्हणणारे जाणते श्रोते आहेत, आणि त्यांचेंही म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे.

परंतु या दुसऱ्या निकालास एक काळी बाजूही आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. आल्बमवर लोकांचें प्रेम जसजसें वाढलें, तसतसें त्यांस त्याच्या कर्त्याचें मौन सहन होईना. तो कोठें आहे, काय करतो, गात कां नाहीं, यांविषयीं अफवा उठूं लागल्या. वस्तुतः मँगम स्वस्थ बसला नव्हता. बल्गेरियांतील कोप्रिव्हश्टित्सा या गांवीं भरणाऱ्या लोकसंगीताच्या उत्सवास तो गेला होता, आणि तेथें त्यानें मुद्रित केलेले आवाज २००१ सालीं प्रसिद्धही झाले. परंतु त्यांत त्याचें स्वतःचें गाणें नव्हतें, म्हणून लोकांचें समाधान झालें नाहीं. २००३ सालीं एका पत्रकारानें त्याचा शोध घेण्याचा चंग बांधिला व त्याच्या आप्तमित्रांस गांठलें. तेव्हां मँगमनें त्यास थोडक्यांत कळविलें कीं, मी एखादी कल्पना नाहीं, माणूस आहें, आणि मला एकांत हवा आहे. माझ्या संगीतानें तुम्हांस कांहीं दिलें असेल तर एवढें माझें ऐका.

हें उत्तर आम्हांस फार विचार करण्याजोगें वाटतें. जो मनुष्य एका अनोळखी मुलीच्या रोजनिशीनें व्याकुळ होऊन तिच्यासाठीं गातो, त्याच्यासाठीं दुसरे अनोळखी लोक व्याकुळ व्हावे, हें स्वाभाविक आहे. परंतु ॲन फ्रँकला मँगम वांचवूं शकत नव्हता. तो फक्त तिच्यासाठीं गाऊं शकत होता. मँगम मात्र जिवंत होता, आणि त्याच्यासाठीं त्याच्या चाहत्यांस एक गोष्ट सहज करतां येण्यासारखी होती: त्यास त्याच्या घरीं स्वस्थ राहूं देणें. तेवढीच कित्येकांस जमली नाहीं. ज्या कृतीनें आपणांस आनंद दिला, तिच्या कर्त्यावर आपला हक्क उत्पन्न होतो, ही समजूत चुकीची आहे. उपकाराची फेड मागण्यांनीं होत नसते.

पुढें मँगम आपणहून परतला. २०१० सालीं न्यूयॉर्क येथें एका आजारी संगीतकाराच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमांत तो गायिला. पुढल्या वर्षापासून तो एकटा गिटार घेऊन गांवोगांव गाऊं लागला. आणि २०१३ पासून २०१५ पर्यंत सबंध बँडनें एकत्र दौरा केला. करवत पुन्हां ऐकूं आली, पितळी वाद्यें पुन्हां वाजलीं. त्या कार्यक्रमांत छायाचित्रें व चलच्चित्रें घेऊं नयेत, अशी श्रोत्यांस विनंति असे. समोर उभे असलेल्यांपैकीं पुष्कळ जण आल्बम निघाला तेव्हां पाळण्यांत होते. त्यांस सर्व गाणीं तोंडपाठ होतीं. त्यानंतर बँड पुन्हां शांत झाला. तिसरा आल्बम त्यानें काढिलेला नाहीं.

आतां वाचकांनीं तो तीन हजारांचा आंकडा आठवावा. एका मुलीची वही, जिच्या पहिल्या छापील प्रती सुमारें तीन हजार. आणि त्या वहींतून स्फुरलेला एक आल्बम, ज्याच्या पहिल्या प्रती सुमारें सात हजार. मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्याचें मर्म या दोन आंकड्यांत उत्तम दिसतें. दोहोंच्याही वेळीं मोठ्या दुकानदारांनीं दाणा पारखला नाहीं. ज्यांच्या हातीं तो पडला, त्यांनीं तो एकमेकांस दिला, म्हणून तो रुजला. यान रोमेननें लेख लिहिला नसता, किंवा वसतिगृहांतील एखाद्या मुलानें शेजारच्या खोलींतल्या मित्रास 'हें जरा ऐकून पाहा' असें म्हटलें नसतें, तर काय झालें असतें, हें सांगवत नाहीं. लिहिणारा व गाणारा यांचें काम जितकें महत्त्वाचें, तितकेंच त्या हातोहात देणाराचेंही आहे. आणि तें काम शाळेंतील लहानांत लहान मुलासही करतां येतें.

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, एखादें पुस्तक, गाणें किंवा वर्गांत नवा आलेला एखादा सोबती प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटला, तर हंसण्यापूर्वीं त्यास दुसऱ्यांदा संधि द्यावी. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलाच्या खोलींतून येणारा आवाज कर्कश वाटला, तर दार बंद करावयास सांगण्यापूर्वीं एकदां आंत जाऊन त्याच्याजवळ बसावें व हें काय चाललें आहे तें विचारावें. कदाचित् तें ऐकण्याजोगें नसेलही. तेव्हां तसें खुशाल सांगावें. पण कदाचित् त्या गोंगाटांत करवतीचा तो करुण स्वर असेल, आणि मुलगा तुम्हांस सांगेल कीं, हें गाणें एका तेरा वर्षांच्या मुलीच्या वहीवरून सुचलें आहे. मग ती वही घरांत आणून दोघांनीं मिळून वाचावी.